अनपेक्षित खेळी आणि समजुतींची दुरुस्ती

१९६२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १९ तारखेस अमेरिकेच्या गुप्तवार्ता-विभागाने आपल्या राष्ट्राध्यक्षांसाठी एक अभिप्राय तयार केला. क्यूबा बेटावर सोव्हिएत रशियाकडून शस्त्रास्त्रे उतरत होती, ही गोष्ट उघड होती. ती केवळ बेटाच्या संरक्षणापुरती आहेत, की अमेरिकेच्या शहरांवर अणुबाँब टाकू शकतील अशी क्षेपणास्त्रेही त्यांत येतील, एवढाच प्रश्न होता. रशिया असे काही करील हे संभवत नाही, असा अभिप्राय पडला. त्यामागील कारणे सबळ होती. स्वतःच्या भूमीबाहेर, अंकित राष्ट्रांतसुद्धा, अशी क्षेपणास्त्रे रशियाने ठेवल्याचे अमेरिकेस ठाऊक नव्हते. आणि एवढा धोका पत्करावा असा लाभही त्यात दिसत नव्हता. विभागाचे प्रमुख जॉन मॅकोन यांना हा अभिप्राय पटला नव्हता. परंतु ते एकटेच होते. क्यूबातून पळून आलेल्या निर्वासितांनी सांगितलेल्या हकीकती पूर्वी अनेकदा खोट्या ठरल्या होत्या, म्हणून त्यांवरही फारसा विश्वास ठेवला गेला नाही. पुढे १४ ऑक्टोबरला उंचावरून उडणाऱ्या विमानाने छायाचित्रे आणली आणि १६ तारखेच्या सकाळी ती केनेडींसमोर आली. जे होणार नाही म्हणून लेखी सांगितले गेले होते, ते झालेले होते.

हा अभिप्राय ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला, ते शर्मन केंट पूर्वी येल विद्यापीठात इतिहासाचे अध्यापक होते. त्यांनी १९६४ साली या प्रकरणाचा पुनर्विचार करणारा एक निबंध लिहिला. त्याचा इत्यर्थ असा, की आमचे अनुमान चुकले नाही, चूक ख्रुश्चेव्ह यांची झाली. आणि प्रतिपक्ष केव्हा घोडचूक करील हे सांगणारी कोणतीही अनुमानपद्धती अस्तित्वात नाही. हे वाचताना प्रथम हसू येते. तथापि हा बचाव उडवून लावण्याजोगा नाही. आपल्याला ज्याची खात्री होती त्याच्या विरुद्ध प्रतिपक्षाने काही केले, तर आपली समजूत बदलावयाची ती नेमकी कोणती? तो विचारी आहे ही? त्याचे हित कशात आहे ही? का काहीच न बदलता, त्याचा हात चुकला, एवढेच समजावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन अगदी वेगळ्या ठिकाणी, एकमेकांच्या नकळत वाढले. त्या वाढीची हकीकत मराठी वाचकांपुढे क्वचितच आली असल्याने ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

नवीन पुराव्याने जुने मत कसे बदलावे, यासंबंधीचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे होय. बेझ १७६१ साली वारले. त्यांच्या कागदपत्रांतील निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी १७६३ साली रॉयल सोसायटीपुढे आणला. एखादी गोष्ट आपण किती संभाव्य मानतो आणि ती खरी असल्यास समोरचा पुरावा मिळणे किती संभाव्य होते, यांचा हिशेब घालून नवीन संभाव्यता काढावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. दैनंदिन व्यवहारास ते पुरते. परंतु ज्या घटनेला आपण पूर्वी शून्य संभाव्यता दिली होती तीच घडली, म्हणजे सूत्रात शून्याने भागण्याचा प्रसंग येतो आणि सूत्र मूक होते. अर्थात जेथे मार्गदर्शनाची गरज सर्वांत अधिक, तेथेच ते सोडून जाते.

या उणिवेवरचा पहिला धागा केंब्रिजच्या फ्रँक रॅम्से यांच्या एका तळटीपेत सापडतो. रॅम्से १९३० च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी निवर्तले. आदल्या वर्षी लिहिलेल्या एका निबंधाच्या तळटीपेत त्यांनी असे सुचविले होते, की ‘असे झाले तर तसे होईल का’ असा वाद दोन माणसे घालतात, तेव्हा ती पहिली गोष्ट आपल्या ज्ञानाच्या साठ्यात तात्पुरती घालून पाहतात व मग दुसरीविषयी विचार करतात. परंतु तो साठाच त्या गोष्टीशी विसंगत असेल, तर आत काय घालावयाचे यापेक्षा बाहेर काय काढावयाचे हाच प्रश्न बिकट होतो. तो प्रश्न पुढे आला तो गणिताच्या वा तत्त्वज्ञानाच्या दालनातून नव्हे, तर कायद्याच्या.

कार्लोस अल्चुरोन हे ब्युनोस आयर्स येथील विधिशास्त्रज्ञ. युजेनिओ बुलिगिन यांच्यासह त्यांनी १९७१ साली कायद्याच्या व्यवस्थांची तर्कशास्त्रीय मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या अभ्यासात त्यांना एक अडचण जाणवली. ती आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. शाळेच्या ग्रंथालयाचे दोन नियम आहेत असे समजा : प्रत्येक शिक्षकाला ग्रंथालय खुले आहे, आणि ज्याला ग्रंथालय खुले आहे त्याला पुस्तक घरी नेता येते. शिक्षकाला पुस्तक घरी नेता येते, हा तिसरा नियम कोठेही लिहिलेला नाही. तो पहिल्या दोहोंतून निघतो. आता व्यवस्थापक मंडळाने ठराव केला की ही मुभा रद्द. मग रद्द झाले ते काय? पहिला नियम, दुसरा नियम, की दोन्ही? ठराव करणाऱ्यांनी याचा विचारच केलेला नसतो, आणि उत्तर देणे न्यायाधीशाच्या कपाळी येते. तर्कशास्त्र एवढेच सांगते की दोन्ही राहू शकत नाहीत. कोणता जावा याविषयी ते अवाक्षर काढीत नाही.

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात अनेक वर्षे शिकविलेले ऑस्ट्रेलियन तर्कशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकिन्सन यांच्यासह अल्चुरोन यांनी या अडचणीवर १९८१ व १९८२ साली निबंध लिहिले. त्याच सुमारास स्वीडनमधील पेटर गार्डेनफोर्स हे तत्त्वज्ञ, माणसाच्या समजुतींची रचना नव्या माहितीने कशी पालटते, याचा विचार करीत होते. कायद्याची संहिता आणि माणसाच्या डोक्यातील समजुतींचा संच यांत तर्कशास्त्राच्या दृष्टीने काहीच अंतर नाही, हे ध्यानात येताच दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि १९८५ साली तिघांचा मिळून एक निबंध अमेरिकेतील प्रतीकात्मक तर्कशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील सर्व चर्चेचा पाया हाच. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन त्यातील उपपत्तीला एजीएम असे नाव पडले.

या उपपत्तीचे नियम दिसावयास साधे आहेत. नवी माहिती स्वीकारावी. स्वीकारल्यावर संचात आत्मविरोध राहू नये. नवी माहिती जुन्या समजुतींशी जुळत असेल, तर जुने काहीही टाकू नये, केवळ भर घालावी. आणि टाकणे भागच पडले, तर गरजेपुरतेच टाकावे. अमेरिकन तत्त्वज्ञ आयझॅक लेव्ही यांनी या क्रियेचे दोन टप्पे अगोदरच दाखविले होते : प्रथम विरोधी समजूत संचातून वजा करा, मग नवी मिळवा. वजाबाकीविषयीच्या एका नियमावर बरीच वर्षे वाद झाला, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. फाटकाची किल्ली फक्त शिपायाजवळ असते, शिपाई गावी गेला आहे, किल्लीवाचून फाटक उघडत नाही. या तीन समजुती बाळगणारा मुख्याध्यापक सकाळी येऊन पाहतो तो फाटक सताड उघडे. तिन्हींपैकी एक तरी गेली पाहिजे. कोणती, हे ठरते ते त्याने त्या कोणत्या क्रमाने उराशी धरल्या आहेत यावर. शिपायावर ज्याचा विश्वास दांडगा तो कुलपाला दोष देईल. कुलूप ज्याने स्वतः आणले तो शिपायाला. तिघा ग्रंथकारांनी सिद्ध केले ते हे, की नियम पाळून बदलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे पसंतीची अशी एक व्यवस्था उभी असते. ॲडम ग्रोव्ह यांनी १९८८ साली तिचे चित्रच काढून दिले : मध्यभागी आपल्याला खरे वाटणारे जग, त्याभोवती त्याहून कमी संभाव्य जगांची वर्तुळे, एकाबाहेर एक. धक्का बसला म्हणजे माणूस जवळच्या वर्तुळात जाऊन थांबतो. ती वर्तुळे कोठे आखावी, हे मात्र तर्कशास्त्र सांगत नाही.

आपल्याकडील वाचकाला येथे मीमांसकांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जैमिनीच्या सूत्रांचा दहावा अध्याय ‘बाध’ या विषयाचाच आहे. मूळ यागाची अंगे दुसऱ्या यागात नेताना कोणती गळतात व का, याची तेथे चिकित्सा आहे. अल्चुरोन यांनी जैमिनी वाचला होता असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. विधिनिषेधांचे मोठे भांडार सांभाळावे लागले की माणसाला हा प्रश्न पडतोच, एवढेच यावरून दिसते.

आता दुसऱ्या ठिकाणाकडे वळू. खेळ-सिद्धान्त, म्हणजे ज्यात एकाचे फळ दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते अशा प्रसंगांचे गणित, हे शास्त्र जॉन फॉन नॉयमन यांच्या १९२८ च्या निबंधाने व पुढे ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथाने उभे राहिले. त्यात फॉन नॉयमन यांनी एक मोठी सोय करून घेतली होती. खेळाडू खेळास बसण्यापूर्वीच प्रत्येक शक्यतेसाठी आपली खेळी ठरवून ठेवतो. जणू सेनापतीने सर्व हुकूम लखोट्यांत बंद करून ठेवावे व लढाईच्या दिवशी नुसते लखोटे फोडले जावे. यामुळे बुद्धिबळासारखा लांब खेळही एका क्षणाच्या निवडीवर येतो आणि गणित सोपे होते. पण त्याबरोबर आश्चर्य नाहीसे होते. खेळाच्या मध्यावर कोणाचे मत बदलण्याचा प्रसंगच उरत नाही. १९५० साली जॉन नॅश यांनी समतोलाची जी व्याख्या केली, म्हणजे इतरांचे बेत कायम असता एकट्याने बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी अवस्था, ती याच चौकटीतली होती.

या सोयीची किंमत प्रथम दाखवून दिली ती जर्मन अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट झेल्टन यांनी, १९६५ साली. नॅशच्या समतोलात पोकळ धमक्या खपून जातात. ‘तू माझ्या बाजारात आलास तर मी दोघांचेही दिवाळे काढीन’ अशी धमकी ऐकून प्रतिस्पर्धी आलाच नाही, तर ती कधीच कसोटीला लागत नाही; बेत म्हणून तो टिकतो. झेल्टन यांनी आग्रह धरला की जेथे खेळ कधी पोचणारच नाही अशा स्थळीही बेत शहाणपणाचाच असला पाहिजे. दिसावयास ही किरकोळ दुरुस्ती. परंतु तिने शास्त्राच्या घरात एक अवघड पाहुणा आणून बसविला. कारण जेथे पोचणे अशक्य मानले आहे तेथे आपण पोचलो, तर तेथे काय समजावे, हे ठरविणे आता भाग पडले.

हा पेच किती खोल आहे हे स्वतः झेल्टन यांनीच १९७८ साली दाखविले. एका व्यापाऱ्याची २० गावांत २० दुकाने आहेत. प्रत्येक गावात पाळीपाळीने एकेक नवा दुकानदार येऊ पाहतो. भाव पाडून त्याला हुसकावणे व्यापाऱ्याला त्या गावापुरते तोट्याचे आहे. विसाव्या गावानंतर वचक दाखविण्यासारखे कोणी उरत नाही, म्हणून तेथे तो लढणार नाही. मग एकोणिसाव्या गावात लढून विसाव्यावर परिणाम होणारच नसेल, तर तेथे तरी का लढावे? असे मागे मागे येत आपण पहिल्या गावाला पोचतो : शहाणा व्यापारी कोठेच लढणार नाही. युक्तिवादात चूक नाही, असे झेल्टन यांचे मत होते. आणि तरीही, आपण स्वतः व्यापारी असतो तर पहिल्या गावांत लढून वचक बसविला असता, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. आपल्याच सिद्धान्ताविरुद्ध अशी साक्ष देणारे पंडित विरळा.

१९८१ साली रॉबर्ट रोझेन्थाल यांनी हाच पेच दोघांच्या खेळात आणला. आकृतीवरून पुढे त्याला गोमेचा खेळ असे नाव मिळाले. कॅलिफोर्नियातील रिचर्ड मॅकेल्व्ही व टॉमस पाल्फ्री यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो प्रत्यक्ष विद्यार्थ्यांकडून खेळवून घेतला. पुढ्यात दोन ढीग असतात, एक ४० सेंटांचा, दुसरा १० सेंटांचा. पहिल्याने मोठा ढीग उचलला की खेळ संपला, लहान दुसऱ्याला. न उचलता पुढे ढकलला, तर दोन्ही ढीग दुप्पट होतात आणि पाळी दुसऱ्याची येते. अशा चार पाळ्या. शेवटी चौथ्या पाळीला दुसरा खेळाडू ३ डॉलर २० सेंट उचलील हे उघड आहे, कारण ढकलले तर त्याच्या वाट्याला १ डॉलर ६० सेंटच येतात. हे ओळखून पहिला तिसऱ्या पाळीला उचलील. ते ओळखून दुसरा दुसऱ्या पाळीला. आणि म्हणून पहिल्याने प्रारंभीच ४० सेंट घेऊन उठावे. हा शेवटाकडून मागे येणारा युक्तिवाद. प्रयोगात मात्र ६६२ डावांपैकी केवळ ३७ डाव पहिल्या पाळीला संपले.

येथे विद्यार्थी मूर्ख होते असे म्हणून भागत नाही. दुसऱ्या खेळाडूच्या जागी बसून पाहा. पहिल्याने ढीग पुढे ढकलला आहे. शहाणा माणूस हे करणार नाही, अशी आपली खात्री होती. आता? तो शहाणा नाही असे मानले, तर तो पुन्हाही ढकलील. मग आपणही ढकलून चौथ्या पाळीला मोठा ढीग उचलावा हे फायद्याचे. आणि आपण असा विचार करू हे पहिल्याने आधीच ओळखले असेल, तर त्याचे ढकलणे शहाणपणाचेच ठरते! ज्या फांदीवर युक्तिवाद बसला आहे तीच तो कापतो. इंग्लंडचे केन बिनमोर व इटलीत जन्मलेल्या क्रिस्टिना बिक्येरी यांनी १९८० नंतरच्या दशकात या दोषावर नेमके बोट ठेवले.

तोडगे दोन निघाले. पहिला झेल्टन यांनीच १९७५ साली दिला होता : हात थरथरतो. शहाणा खेळाडूही क्वचित, निष्कारण, चुकीची खेळी करतो. तिच्यावरून पुढचा काही बोध घेऊ नये. दुसरा १९८२ साली क्रेप्स, विल्सन, मिलग्रॉम व रॉबर्ट्स या चौघांच्या लेखनातून आला : व्यापारी वेगळ्याच जातीचा, म्हणजे लढण्यातच आनंद मानणारा असण्याची थोडीशी शंका दुसऱ्यांच्या मनात असली, तरी पहिल्या गावांत लढणे किफायतशीर होते, कारण प्रत्येक लढाईने ती शंका वाढते. केंट यांचा बचाव आणि त्यांच्या टीकाकारांचा आक्षेप यांतील भेद अक्षरशः हाच आहे. ख्रुश्चेव्हचा हात थरथरला, असे केंट म्हणतात. ख्रुश्चेव्ह तुम्ही समजलात त्या जातीचा नव्हताच, असे टीकाकार म्हणतात.

आम्हां शिक्षकांना हा भेद परका नाही. संस्कृतात नेहमी मागे पडणाऱ्या एका विद्यार्थ्याने सहामाहीत अपठित उताऱ्याचे भाषांतर बिनचूक केले, तेव्हा मी, त्या वेळचा नवखा शिक्षक, प्रथम शेजारच्या मुलाची उत्तरपत्रिका काढून पाहिली. शेजाऱ्याने तो उतारा सोडविलाच नव्हता. तरी माझी समजूत हलली नाही. कोठून तरी उतरविले असेल, असे मी धरले आणि तोंडाने शाबासकी दिली नाही. मुलगा मंद आहे ही समजूत मी सर्वांत आतल्या वर्तुळात ठेवली होती. तिच्यासाठी मी पुरावा नसलेली चोरी मान्य केली. तर्काच्या नियमांत त्यात काही दोष दाखविता येत नाही, आणि तीच गोष्ट मला आजही खुपते.

त्याच १९८२ साली क्रेप्स व विल्सन यांनी समतोलाची नवी व्याख्या दिली, तीत प्रत्येक स्थळी खेळाडूची समजूत काय असावी हेही लिहिणे आवश्यक केले. अल्चुरोन-मॅकिन्सन यांचा निबंध त्याच वर्षीचा. पण दोन्ही घरांत एकमेकांची चाहूल नाही. गाठ पडावयास आणखी काही वर्षे गेली. १९९५ साली रॉबर्ट ऑमन यांनी सिद्ध केले की सर्व खेळाडू शहाणे आहेत ही गोष्ट सर्वांना, आणि सर्वांना ठाऊक असल्याचेही सर्वांना ठाऊक असेल, तर गोमेचा खेळ पहिल्या पाळीलाच संपतो. तत्त्वज्ञ रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी पुढच्याच वर्षी हे अमान्य केले. दोघेही गणितात चुकणारे नव्हेत. २००१ साली जोसेफ हाल्पर्न यांनी वादाची गाठ सोडविली : अनपेक्षित खेळी पाहून, समोरचा पुढे कसा खेळेल याविषयीचे मत खेळाडूने बदलावे की न बदलावे, एवढ्यावरच दोघांचा मतभेद उभा होता. ऑमन यांच्या मांडणीत ते बदलत नाही. स्टॉलनेकर यांच्या मांडणीत ते बदलू शकते. शहाणपणाची व्याख्या एकच, समजूत दुरुस्त करण्याची रीत निराळी, आणि निष्कर्ष उलट.

कॅलिफोर्नियातील जाकोमो बोनान्नो यांनी २०१३ साली दोन्ही घरे रीतसर जोडली. खेळाच्या प्रत्येक संभाव्य वाटचालीस संभाव्यतेच्या एका क्रमात बसवून, एजीएमचे नियम पाळणाऱ्या समजुतींवर त्यांनी समतोलाची व्याख्या उभारली. ग्रोव्ह यांची वर्तुळेच खेळाच्या आकृतीवर उतरली, असे म्हटले तरी चालेल. गुजरातेतील पालनपूर येथे जन्मलेले व न्यूयॉर्कमध्ये अध्यापन केलेले रोहित परीख यांचे नाव दोन्ही शाखांत घेतले जाते; खेळांच्या तर्कशास्त्रावर त्यांनी १९८५ साली लिहिले आणि समजुतींच्या दुरुस्तीवर १९९९ साली. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या समजुती विषयवार निरनिराळ्या कप्प्यांत असतात. एका कप्प्यातील धक्क्याने दुसऱ्या, असंबद्ध कप्प्यातील समजुती हलू नयेत. हे तत्त्व वाजवी आहे. अडचण एवढीच, की कोणते कप्पे असंबद्ध, याविषयीची आपली समजूतही त्याच भांडारातली असते.

क्यूबाच्या प्रकरणातच याचे प्रत्यंतर आहे. १६ ऑक्टोबरनंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी क्षेपणास्त्रांविषयीची समजूत तत्काळ दुरुस्त केली. बेटावर रशियन सैनिक किती, ही समजूत मात्र दुसऱ्या कप्प्यात राहिली. त्यांचा अंदाज १० हजारांच्या आसपास होता. प्रत्यक्षात तेथे ४० हजारांहून अधिक रशियन होते. बेटावर चढाई करावी, असा सल्ला केनेडींना त्या दिवसांत देण्यात येत होता तो हा आकडा धरूनच. संकट २८ ऑक्टोबरला ओसरले. ख्रुश्चेव्हने क्षेपणास्त्रे परत नेण्याचे मान्य केले आणि चढाई झाली नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, १९९२ च्या जानेवारीत हवाना येथे दोन्ही पक्षांतील जुन्या मंडळींची परिषद भरली. त्या वेळचे अमेरिकन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा तेथे होते. चढाई करून येणाऱ्या फौजेवर टाकण्यासाठी आखूड पल्ल्याची अण्वस्त्रेही त्या वेळी बेटावर होती, हे रशियन सेनापती अनातोली ग्रिब्कोव्ह यांनी त्या परिषदेत सांगितले.